बर्फ मागितला होता कुणी?

हिमनदीच्या पायथ्याशी मी आमची दोन तिकिटं वाटाड्या पोरीच्या हातात ठेवली. तिनं ती पाहिली, गोड हसली आणि म्हणाली, "ताक्."

मी म्हटलं, "नको गं बाई. एवढ्या थंडीत ताक कोण पितं?"

माझी नात सई बर्फावर बसलीच. हसता हसता तिची लोकरी टोपी डोळ्यांवर आली. "आजोबा, ताक नाही हो! त्यांच्या भाषेत आभार मानले तिनं!" मग तिनं इंग्रजीत त्या पोरीला सगळा उलगडा केला असावा, कारण तीही हसायला लागली. पोरीचं नाव हेल्गा. उंची कचेरीपुढच्या झेंड्याच्या खांबाएवढी. आमच्याबरोबर आलेलं एक वयस्क जर्मन जोडपंही हसलं, आणि त्या दोघांना ताक म्हणजे काय हे आजतागायत कळलेलं नसणार, याची मला खात्री आहे.

मी ओशाळलो नाही. पातळ पदार्थांच्या बाबतीत माझ्या कानांचा लौकिक फार जुना आहे. याच कानांपायी एके काळी मी आदिलाबादेतनं कायमचा उठलो असतो आणि माझी माय बाजारहत्नूरला बैलांशी बोलत राहिली असती. ते सांगतोच. पण आधी ही हिमनदी बघू द्या, कारण ऐंशीच्या घरातल्या माणसाला आइसलँडला आणून दाखवलेली गोष्ट आहे ही. आमच्या वयाच्या माणसांना मुलं काशीला नेतात. सई कोपनहेगनला नोकरी करते. तिच्या हिशेबात काशीपेक्षा हे जवळ.

लांबून पाहिली तेव्हा मला हिमनदी वाटलीच नाही. मला दिसलं जिनिंगचं अंगण. अगदी तस्सं! डोंगराच्या दोन खांद्यांमधून कापसाची गंजी ओतावी तशी ती खाली आलेली, वर पांढरीशुभ्र आणि पायथ्याशी माती लागून मळकी, काळपट. आमच्याकडं त्या डागी कापसाला कवडी म्हणतात. मी सईला म्हटलं, "वरचा माल चांगला हाय, खालची कवडी हाय." ती म्हणाली, "आजोबा, तो ग्लेशियर आहे." असेल. पण दिवाळीनंतर आदिलाबादेत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटा किणकिणायच्या, हवेत सरकीचा तेलकट, किंचित खवट वास भरून राहायचा आणि आम्ही शाळेतनं परस्पर जिनिंगच्या भिंतीवर चढून त्या गंजीत उड्या मारायचो. छातीपर्यंत रुतायचो. नाकातोंडात तंतू. मुकादम काठी घेऊन ओरडत यायचा आणि त्याच्या मिशांवरही कापूस असायचा, त्यामुळं त्याची भीती कधी वाटलीच नाही. घरी गेल्यावर माय डोक्यातला कापूस वेचत म्हणायची, "आज शाळेत कापूस शिकवला काय रे?"

शाळेत काय शिकवत होते हा तसा अवघडच प्रश्न होता. मी पाटी धरली ती उर्दू शाळेत, निजामसरकारच्या अमलात. घरी मराठी, वर्गात उर्दू, बाजारात मारवाड्याशी हिंदी, आणि भाजीवालीशी तेलुगू. चार भाषा आणि चारही अर्ध्या. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. मोठ्यांचं काय झालं ते मोठे जाणोत. मला आठवते ती एक सकाळ. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि रोजची प्रार्थना झालीच नाही. मास्तर एकमेकांची तोंडं पाहत होते. पटांगणातल्या लिंबावर होले घुमत होते, तेवढाच आवाज. पुढं नवं गीत आलं, पण चाल कुणालाच धड येत नव्हती. ज्याला जी येईल ती त्यानं लावली. आमच्या वर्गानं ते आरतीच्या चालीवर म्हटलं, टाळ्या वाजवून. शेवटी कुणीतरी "मोरया" म्हणालं. तो मी नव्हतो, असं मी तेव्हाही सांगितलं होतं.

गावातल्या पाट्याही बदलत गेल्या. रंगारी शिडीवर चढून जुन्या अक्षरांवर चुना फासायचा, वर नवी काढायचा. पावसाळा आला की चुना उतरायचा आणि तेलुगू अक्षरांच्या पोटातनं उर्दू अक्षरं वर यायची. दवाखान्याच्या पाटीवर तर एकाच वेळी दोन्ही भाषा वाचता यायच्या, म्हणजे एकही वाचता यायची नाही.

असो. हेल्गानं आमच्या बुटांना लोखंडी दाते बांधले. घसरू नये म्हणून. ते दाते बर्फात खच्चकन् रुततात, मग पाय उचलून पुन्हा रोवायचा. सई हरणासारखी चालत होती. मी रांगोळी वाचवत चालणाऱ्या व्याह्यासारखा. मला वाटलं, बरं जमून राह्यलंय की! आणि तेवढ्यात माझ्या उजव्या पायाच्या दात्यांनी माझ्याच डाव्या पायाची विजार धरली. मी बसलो. बसल्या बसल्या पाच-सहा हात घसरत गेलो आणि त्या जर्मन आजोबांच्या पायांशी थांबलो. त्यांनी मला उठवलं. मी अत्यंत अदबीनं म्हणालो, "ताक्."

बघा, एकदा चुकलेला शब्द मी पुन्हा चुकत नाही.

गुहेचं तोंड लांबून काळं दिसत होतं. जवळ गेलो आणि माझ्या तोंडातनं फक्त "बाप्पा!" एवढंच निघालं. आत सगळं निळं. निळं म्हणजे कसलं निळं सांगू? स्टोव्हला पंप मारल्यावर ज्योत सूं करून सरळ होते, तेव्हा तिच्या बुडाशी असतं ते निळं. आमच्या कचेरीतल्या पेशकारसाहेबांच्या पायजम्याला दिलेल्या निळीचं निळं. आणि ते भिंतीवर नव्हतं, भिंतीच्या आत होतं, खोल, जणू पलीकडं कुणीतरी दिवा घेऊन चाललं आहे. छत लाटांसारखं खालीवर झालेलं. थेंब पडत होते, टप्... टप्... आणि अधूनमधून कुठूनतरी लांबून कुर्रर असा आवाज, ओझ्याच्या गाडीचं जू कुरकुरतं तसा. माझं काळीज पोरासारखं उड्या मारू लागलं. आत जायचं होतं मला, आणखी आत!

हेल्गा बोटानं दाखवत होती, सई मराठीत सांगत होती. बर्फात अडकलेले ते बारीक बुडबुडे म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीची हवा.

"म्हंजे निजामाच्याबी आधीची?" मी विचारलं.

"निजामाच्या कितीतरी आधीची."

मी भिंतीला नाक लावलं. म्हणतात, बर्फाला वास नसतो. साफ खोटं. बर्फाला ओल्या गोणपाटाचा आणि सागवानाच्या भुशाचा वास येतो. डोळे मिटले की येतो. आणि तो वास आला की भर मे महिन्यातली आदिलाबादची तहसील कचेरी येते, ताडपत्रीसारखं तापलेलं आभाळ येतं, आणि हातात काहीही नसताना सायकलवर टांग टाकून निघालेला मी येतो.

झालं होतं असं. छप्पन साली राज्यं नव्यानं मांडली गेली. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तिकडं मराठी मुलखात गेला, किनवट तिकडं गेला, आम्ही इकडं आंध्रात राहिलो. त्या दिवसांत कुणी भेटलं की राम राम नंतर दुसरा प्रश्न यायचा, "तुमी कोनीकडं?" सोयरीक जमवताना विचारावं तसा. मी तेव्हा तहसील कचेरीत हंगामी कारकून होतो, मिसरूड नुकतं फुटलेलं. आणि बातमी अशी पसरली की ज्यांना तेलुगू येत नाही त्या मराठी कारकुनांना हद्दीपलीकडं, राजुऱ्याला पाठवणार. कोण जाणार आणि कोण राहणार ते नवे तहसीलदारसाहेब ठरवणार, आणि साहेब खाली समुद्राकाठच्या मुलखातनं येणार.

राजुरा काही वाईट गाव नाही. पण माझी माय आता बाजारहत्नूरला, आमच्या मूळ गावी होती. बापू गेल्यापासून ज्वारी-पऱ्हाटीची शेती ती एकटी हाकायची. शनिवारी संध्याकाळी मी सायकलनं, ट्रकनं, मिळेल त्या गाडीनं घरी जायचो, सोमवारी पहाटे निघायचो. तेवढंच तिचं माणसाशी बोलणं. राजुऱ्याचं नाव काढल्यावर ती चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली होती, "तू तिकडं गेला तं मी इथं कोनाशी बोलू? बैलाशी? तेबी आता म्हातारे झाले, आयकू येत नाही त्याइले."

"मग तू चल ना संगं."

"आन् वावर काय खिशात घालून आनू?"

तेव्हा मला आदिलाबादेत राहायचंच होतं. कचेरीत मी छाती ठोकून सांगितलं, "मला तेलुगू येते." पेशकार करीमसाहेबांनी चष्म्यावरनं पाहिलं. पेशकार म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा जुना कारकून. करीमसाहेबांनी निजामाचे किती तहसीलदार पाहिले होते कोण जाणे. रुमी टोपीचा गोंडा हलवत ते म्हणाले, "कितनी आती, मियाँ?"

खरं सांगायचं तर भाज्यांची नावं, बैलांना द्यायच्या शिव्या, आणि पहिलीच्या तेलुगू पुस्तकातली चित्रं. ते पुस्तक मी रोज घोकत होतो. त्यात 'म'च्या पानावर डोंगर होता, डोंगरावर पांढरं काहीतरी, आणि खाली लिहिलेलं, मंचु. मंचु म्हणजे बर्फ. हा शब्द मला फार आवडला. मी तो जाता येता म्हणायचो.

साहेब आले ते भर दुपारी. जीपमधून उतरले, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा विटेसारखा लाल. खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, "कोंचम मंचि नीळ्ळु."

कोंचम म्हणजे थोडं, हे मला येत होतं. नीळ्ळु म्हणजे पाणी, हेही येत होतं. मधल्या शब्दावर माझी बुद्धी चालली, आणि माझी बुद्धी चालली की अनर्थ होतो. मंचि म्हणजे चांगलं, हे तर आदिलाबादच्या कोंबडीलाही ठाऊक. पण "चांगलं पाणी द्या" असं कोणता माणूस म्हणतो? आमच्याकडं पाणी गोडं असतं, खारं असतं, गार असतं. चांगलं पाणी मागायला साहेब काय लग्नाला आलेत? तेव्हा साहेब 'मंचि' म्हणालेच नाहीत. साहेब म्हणाले, 'मंचु'! थोडं बर्फाचं पाणी. मोठा साहेब, समुद्राकाठचा माणूस, त्याला बर्फाचीच सवय असणार. आणि ही माझी परीक्षा आहे. याच शब्दावर राजुरा की आदिलाबाद ठरणार.

मी तेलुगूत होकार भरला, "सरे, साहेब!" आणि पळत सुटलो.

तेलुगूत पिण्याच्या पाण्याला मंचि नीळ्ळु म्हणतात. नुसतं पिण्याचं पाणी. माठ माझ्या मागं दोन हातांवर होता.

"आजोबा!" सईचा आवाज गुहेत घुमला. "भिंत चाटू नका!"

मी चाटत नव्हतो. फक्त जीभ लावून पाहत होतो. त्या निळ्या भिंतीत काळे पट्टे होते, हेल्गा म्हणे कुठल्या तरी ज्वालामुखीची राख बर्फात दबून राहिली आहे. आणि काय सांगू, चव ओळखीची निघाली! राखुंडी! सकाळी ओट्यावर बसून माय गोवरीच्या राखेनं दात घासायची, मलाही बोटावर द्यायची, ती चव. जगाच्या दुसऱ्या टोकाला, बर्फाच्या पोटात, माझ्या मायची राखुंडी. हेल्गानं काळजीनं विचारलं की आजोबांना तहान लागली आहे का. सई म्हणाली, "नाही, त्यांना घरची आठवण आली." पोरगी हुशार आहे.

तर, मी सायकलवर. मेमध्ये आदिलाबादेत बर्फ म्हणजे वाघिणीचं दूध. गावात विचारत विचारत गावाबाहेरच्या मावल्यापर्यंत पोचलो. सडकेवर चहाची टपरी होती. टपरीवाला पंख्यानं शेगडी फुलवत होता.

"बरफ? आत्ताच तं गाडी गेली नागपूरची," तो म्हणाला. "इचोड्याले लग्न हाय, तिकडं चालली. च्या पेले अन् गेले. तुले काऊन पाह्यजे?"

"साहेबाले पाह्यजे."

"काऊन, साहेबाले ताप आला?"

"नाही. साहेब तेलुगू हाय."

तो पंखा हलवायचा थांबला. "मंग?"

या 'मंग'चं उत्तर मी द्यायला हवं होतं. तिथंच सगळं वाचलं असतं. पण मला एक रिकामा ट्रक दिसला. सायकल टपरीला टेकवली, हात केला आणि चढलो.

इचोडा तेव्हाही इचोडाच होता. सडकेच्या दोन्ही अंगांना ट्रक, टायरचा आणि तळणीचा वास, ढाब्यापुढं बाजा टाकून झोपलेले ड्रायव्हर. लग्नाच्या मांडवामागं बर्फाच्या लाद्या भुशात निजवून वर गोणपाट घातलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढा बर्फ पाहत होतो. त्यातनं धूर निघत होता! मला वाटलं, पेटला की काय. मी फुंकर मारली. बाजूला भाजी चिरणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

नवरीचा बाप पुढं आला. मी म्हटलं, "सरकारी काम हाय. बरफ पाह्यजे."

"आमच्या लग्नात सरकारचं काय काम निघालं बाप्पा?" तो घाबरून म्हणाला.

"नवीन साहेबाले प्याले पानी पाह्यजे."

"अरे मंग पानी ने ना!"

"बरफाचंच सांगतलं साहेबानं."

त्या भल्या माणसानं सब्बल घेऊन एका लादीचा कोपरा फोडला, कोहळ्याएवढा. तो पोत्यात, पोत्यात भुसा, भुसा दाबून वर गाठ. त्याची एकच अट, लग्नघरातनं उपाशी जायचं नाही. मी उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले, नवरीला तांदूळ टाकले, आणि सागाचे ओंडके घेऊन आदिलाबादकडं निघालेल्या ट्रकवर चढलो.

तो प्रवास मी विसरणार नाही. ओंडक्यांवर मी, मांडीवर पोतं, वर भट्टीसारखा वारा, आणि पोटऱ्यांपर्यंत उतरत चाललेला गारवा. आजूबाजूला उन्हानं वाळलेलं जंगल, पळसाची पानं तेवढी हिरवी. नाक्यावर शिपायानं तेलुगूत विचारलं, पोत्यात काय? मी गर्जना केली, "मंचु!" त्यानं पोत्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग पुन्हा लावला. मग गालाला लावला. ट्रक निघाला तरी तो हात गालालाच होता. मला वाटलं, राजुरा टळला! मी बसल्या जागी गाणं म्हणायला लागलो.

कचेरीत शिरलो तेव्हा साहेब उठायच्या बेतात होते. माझी विजार कमरेपासून गुडघ्यापर्यंत ओलीचिंब. शिपाई दारातच कुजबुजला, "अबे, हे काय झालं? रस्त्यात नाही थांबला काय कुठं?" मी त्याच्याकडं दुर्लक्ष करून पोतं सोडलं. कोहळ्याचा नारळ झाला होता. पितळी ताटात तो नारळ ठेवला, भुसा पुसला, आणि साहेबांपुढं धरला.

"इदेमिटि?" साहेब म्हणाले. हे काय?

"मंचु नीळ्ळु, साहेब." मग ताटाकडं पाहून मी जोडलं, "नीळ्ळु होऊन राह्यलंय."

साहेब ताटाकडं पाहत राहिले. हळूच तेलुगूत म्हणाले, मी मागितलं ते मंचि नीळ्ळु. आणि त्यांनी माठाकडं बोट केलं.

आधी करीमसाहेबांच्या टोपीचा गोंडा थरथरला. मग खांदे. मग ते मेजावर डोकं टेकवून असे हसले की शाई सांडली. "मियाँ, पीने का पानी मांगे थे! तुम हिमालय कू चले गए!" सगळी कचेरी हसत होती आणि माझे कान तापले होते, कारण त्या हसण्यात मला राजुऱ्याची वाट दिसत होती, लांब, धुळीची, आणि तिच्या अल्याड चुलीपुढं बसलेली माय.

साहेब हसत नव्हते. त्यांनी बर्फाचा तुकडा रुमालात बांधला आणि मानेवर ठेवला. डोळे मिटले. मग करीमसाहेबांमार्फत विचारायला लागले. कुठून आणला? इचोड्याहून. तिथं कोण ओळखीचं? कुणी नाही. सडकेवर कुणाशी बोललास? चहावाल्याशी मराठीत. ड्रायव्हरशी हिंदीत. नाक्यावर?

"तेलुगूत, साहेब," मी मान खाली घालून म्हणालो. "एकच शब्द."

उरलेला बर्फ फोडून सगळ्यांनी खाल्ला, साखर लावून. ज्यांचे दात दुखत होते त्यांनीही खाल्ला. भुसा थोडा दाताखाली आला, तो कुणी थुंकला नाही. साहेब निघून गेले आणि पुढचे कित्येक दिवस त्या विषयावर अवाक्षर नाही. माझ्यासारखेच चौघेजण राजुऱ्याला गेले. त्यांच्या ट्रंका गाडीवर चढवायला मीच हात लावला आणि मनात म्हणत होतो, पुढची ट्रंक माझी.

मग एका दुपारी करीमसाहेबांनी मला जवळ बोलावलं. गोंडा अजिबात हलत नव्हता.

"इचोडे जाना पडता, मियाँ. वहाँ नया दफ़्तर खुल रा."

"राजुरा नाही?"

"मैं साब कू बोला, इस बच्चे कू तेलुगू नै आती. साब बोले, मालूम है. इसकू ज़बान नै आती, मगर बात करना आता. इचोडे में ऐसाच आदमी होना."

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी माझे खांदे धरले आणि म्हणाले, "और सुन, वहाँ कोई पानी मांगे, तो पानीच देना."

आदिलाबादपेक्षा इचोडा आमच्या बाजारहत्नूरला किती जवळ! मी शनिवारची वाट पाहिली नाही. माय वावरात धसकटं वेचत होती. तिला बांधावरनंच ओरडून सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इचोड्याले? मंग तं तू मधातबी येऊन जाशीन!"

"येईन ना."

"बाप्पा!" मग तिला बहुतेक रडू येत होतं म्हणून ती रागावली. "अन् मले सांग, बरफ लागते तरी कसा, ज्याच्यासाठी एवढा पळला?"

"थंड."

"थंडी तं आमाले पूस महिन्यात फुकट भेटते," ती म्हणाली आणि पुन्हा धसकटं वेचायला वाकली. पण आता ती गुणगुणत होती, बैलांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू.

मग मी राहिलोच. इचोड्याहून पुढं जिल्ह्यातच इकडंतिकडं झालो, पण हद्द कधी ओलांडली नाही. मायला शेवटपर्यंत माणसाशी बोलायला मिळालं. तेलुगूही शिकलो, इतकी की नंतर नव्या पोरांच्या चुका काढायचो. आणि गंमत पाहा, मी जागचा हललो नाही तरी हैदराबाद राज्यात जन्मलो, आंध्रात पेन्शनीत निघालो आणि आता तेलंगणाचा म्हातारा आहे.

हे मी सईला सांगत होतो तेवढ्यात हेल्गानं भिंतीवर थाप मारली आणि म्हणाली, ही हिमनदी उभी दिसते, पण रोज थोडी थोडी खाली सरकते. ही गुहा पुढच्या हिवाळ्यात नसेल. दुसरीकडं दुसरी होईल. वेळ संपली. सगळ्यांनी बाहेर चला.

जर्मन जोडपं निघालं. त्यांच्या दात्यांचा खच्च खच्च आवाज उजेडाकडं गेला. मी निघालो नाही. हातमोजा काढला आणि त्या निळ्या भिंतीवर तळवा टेकवून उभा राहिलो. तळवा आधी पोळला, मग बधिर झाला. लांबून पुन्हा तो कुर्रर आवाज आला.

"आजोबा, काय करताय?"

"सरकते काय, पाहून राह्यलो."

"असं हाताला नाही कळत ते."

"मले मालूम हाय," मी म्हटलं. "आमच्याखालून सरकलं तेव्हाबी नव्हतं कळलं."

सईनंही हातमोजा काढला आणि तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. हेल्गा परत आली, आम्हा दोघांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून हलकेच ओढली. अख्ख्या सरकारला जे जमलं नव्हतं ते त्या पोरीनं दोन बोटांनी केलं. निघालो बापडा तिच्यामागून, घसरत, हसत, उजेडाकडं.